हिंगणबर्डी येथील भूगर्भस्थ द्रव्याचा शास्त्रशुद्ध शोध

जमीन दोन प्रकारची असते. एक वरची, जिच्यावर माणूस राहतो, पेरतो, भांडतो आणि मरतो. दुसरी खालची, जिच्याबद्दल त्याला आशा असते. वरच्या जमिनीची मोजणी होते, तिचा सातबारा निघतो, तिच्यावरून भाऊबंदकी पेटते. खालच्या जमिनीचा सातबारा अजून कुणाच्याच नावे निघालेला नाही, त्यामुळे ती प्रत्येकाला आपलीच वाटते. आमच्या हिंगणबर्डी गावाने (तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव) सन १९९१च्या उन्हाळ्यात या खालच्या जमिनीकडे जितकं लक्ष पुरवलं, तितकं जिल्ह्यात दुसऱ्या गावाने पुरवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. या कामी नेमलेल्या मंडळाचा मी चिटणीस होतो. तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळण्यात माझी उभी हयात गेली असल्याने घडलेलं क्रमाने सांगायची मला सवय आहे, आणि मध्येच कुणी तोंड घातलेलं मला खपत नाही.

गावात धन आहे हे सर्वांना पूर्वीपासून माहीत होतं. पुरावा भक्कम होता: ते आजवर कुणाला सापडलेलं नव्हतं. सापडलं असतं तर संपलं असतं. ज्या अर्थी सापडलं नाही, त्या अर्थी शिल्लक आहे. हा मुद्दा आमचे माजी सरपंच जीवराम आबा यांनी मारुतीच्या पारावर मांडला, तेव्हा खोडून काढायला कुणीही पुढे आलं नाही. अडचण एकच होती. खालची जमीन मोठी आणि कुदळीचं तोंड लहान. नेमकं कुठे खणायचं ते सांगणारा कुणी भेटत नव्हता.

तो भेटला धुळ्यात. लोटन मिस्तरी हा धुळ्याला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा, आणि फावल्या वेळात त्याने जमिनीखालची नाणी हुडकणारं यंत्र तयार केलं होतं. यंत्र दिसायला साधं होतं. खांद्याला अडकवायचा रेडिओचा खोका, त्यातून निघालेला बांबू, बांबूच्या टोकाला तांब्याच्या तारेचे वेढे दिलेली परातीएवढी चकती. चकती जमिनीवरून फिरवायची; खाली धातू असला की खोका कुंई करून ओरडायचा. किती खोलवरचं सापडतं, असं आबांनी विचारलं. लोटन मिस्तरी म्हणाला, "आबा, खोलीला लिमिट नाही. माणसाच्या धीराला आहे." या उत्तराने आबा गार झाले.

मी सरकारी शिस्तीत वाढलेला माणूस. कुणाच्या शब्दावर विसंबणं मला जमत नाही, म्हणून मी यंत्राच्या पूर्वकामगिरीची चौकशी केली. लोटन मिस्तरी म्हणाला, रावेरला केळीच्या बागेत याच यंत्राने हंडा काढून दिला. मी रावेरच्या एका ओळखीच्या ट्रकवाल्याला विचारलं. तो म्हणाला, हंडा निघाला हे शंभर टक्के खरं, पण रावेरला नाही, तिकडे पिंपळनेरला. पिंपळनेरला आमचे साडू असतात. त्यांचा निरोप आला की हंड्याची बातमी तिकडेही सगळ्यांना ठाऊक आहे, तो एरंडोलकडच्या कुठल्याशा गावात निघाला. अशा रीतीने तीन निरनिराळ्या ठिकाणच्या माणसांनी एकच गोष्ट खरी असल्याचं सांगितल्यावर शंकेला जागा उरली नाही. मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष जीवराम आबा, चिटणीस मी, वाहनप्रमुख सुपडू (कारण ट्रॅक्टर त्याचा), आणि सदस्य उरलेलं गाव. बायकांना मंडळात घेतलं नाही, कारण बायका प्रश्न विचारतात.

आरंभीच्या काळात यंत्राने जे काही काढून दिलं त्यात नांगराचा फाळ, सायकलची चेन, सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचं आणि सुपडूच्या ट्रॅक्टरचा बोल्ट यांचा समावेश होतो. (बोल्ट हरवला म्हणून सुपडूने ज्या गड्याला कामावरून काढलं होतं, तो आता सुरतेला सुखात आहे.) लोकांचं तोंड उतरलं. तेव्हा आबांनी मूळ चूक दाखवून दिली. आपण घर बांधतो, विहीर खणतो, तेव्हा आधी भूमीची पूजा करतो. जोडप्याने बसतो, हळदकुंकू वाहतो, सुपारी आणि नाणं ठेवतो, वर मूठभर माती लोटतो. मग इथे नुसती कुदळ मारली तर भूमाता काय म्हणून आपलं कपाट उघडेल? सगळ्यांना ते पटलं. पहिल्या पूजेला जोडपं म्हणून मी आणि आमच्या सौभाग्यवती वच्छलाबाई बसलो. यथासांग नाणं ठेवलं, वर माती लोटली, नमस्कार केला. मग लोटन मिस्तरीने यंत्र फिरवलं.

काय सांगू! यंत्र जे कडाडलं, की पारावरचे कावळे उडाले.

त्या दिवसानंतर कामाला शास्त्रीय पाया मिळाला. पूजा झालेल्या जागी यंत्र वाजण्याचं प्रमाण शंभर टक्के निघालं. पूजा न झालेल्या जागी, भंगार वगळता, शून्य. एकाच जागी पूजेपूर्वी फिरवलं तर यंत्र मुकं राही, पूजेनंतर फिरवलं की ओरडे. धर्म आणि विज्ञान यांचा संबंध काय, यावर शहरात मोठमोठी व्याख्यानं होतात. आम्ही तो प्रश्न मारुतीच्या पारामागे, वाण्याच्या खळ्यात, एका दुपारी निकालात काढला.

खणण्याची पद्धतही ठरली. भूमीला दिलेलं परत घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना दंडक आहे. त्यामुळे पूजेच्या नाण्याला कुणी हात लावायचा नाही. ते ज्या ढेकळात असेल ते ढेकूळ फावड्यावर अलगद उचलायचं, बाजूला सरकवायचं, आणि खड्डा खाली गेला की पुन्हा आदराने तळाशी ठेवून द्यायचं. मग यंत्र लावायचं. यंत्र पहिल्याइतकंच जोरात वाजायचं. याचा अर्थ उघड होता: आपण जसजसे खाली जातो तसतसं धनही खाली सरकतं. गुप्तधन चालतं, हे आमचे वाडवडील सांगत आले होते, पण इतकं बेताने चालतं, बरोब्बर आपल्या फावड्याइतकं, हे प्रथमच सिद्ध झालं. रोज नवं जोडपं पूजेला बसायचं आणि नवं नाणं वाहायचं, त्यामुळे आवाजही दिवसेंदिवस वाढत गेला, इतका की लोटन मिस्तरीने खोक्याचा भोंगा काढून कानाला लावायची वाटी जोडली. ती कानावरून काढून तो म्हणायचा, "सिग्नल फुल आहे, आबा. सोडू नका." (काही लोक पुढे म्हणाले की तो भामटा होता. मी म्हणतो, खोटं बोलू नये. त्याने जेवणापलीकडे गावाकडून काही घेतलं नाही. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन तो स्वतः खड्ड्यात उतरायचा आणि आमच्याइतकाच घामाघूम होऊन वर यायचा. त्याचा आपल्या यंत्रावर विश्वास होता. भामटा असता तर बरं झालं असतं, वेळेवर पळाला तरी असता.)

एकट्याने कानाला लावून ऐकायचं आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहायचं, हे लोकशाहीला धरून नाही अशी तक्रार आल्यावर यंत्राला लग्नातला कर्णा जोडण्यात आला. आता आवाज थेट शिवारापर्यंत जाऊ लागला. शेतात काम करणारी माणसं आवाज ऐकून कामं टाकून यायची. खड्डे वाढले. खळ्यात झाले, गुरांच्या गोठ्यात झाले, शाळेच्या मागे झाले. एरंडोलला जाणाऱ्या रस्त्यावर तर एकापुढे एक झाले, कारण पूर्वीचे व्यापारी तांडे याच वाटेने गेले असणार आणि जाताना काहीतरी पुरलं असणारच; शिवाय रस्ता कुणाच्या बापाचा नसल्याने वाटणीची कटकट नव्हती. दरडोई खड्ड्यांच्या बाबतीत हिंगणबर्डी त्या काळी स्वयंपूर्ण झालेलं होतं. सकाळी एरंडोलहून येणारी एस.टी. फाट्यावरूनच परत जाऊ लागली. लोक म्हणाले, जाऊ द्या, धन निघालं की आपली स्वतःची एस.टी. घेऊ.

आता मी यशोदाबाईंच्या विषयाकडे येतो. हा विषय नाजूक आहे, म्हणून तो कचेरीच्या भाषेत सांगणं बरं.

सदर यशोदाबाई ही विधवा, वय सुमारे साठ, राहणार मधली गल्ली. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आणि मातीच्याच भिंतींचं. तिची सासू गावची सुईण होती. त्या काळी एरंडोलचा दवाखाना लांब होता आणि सासूचा हात हलका होता, त्यामुळे गावातल्या बायका बाळंतपणाला यशोदाबाईच्याच घरी जात. गल्लीकडच्या भिंतीला लागून एक अंधारी खोली होती. मूल व्हायचं त्या खोलीत, आणि त्याची नाळ, रीतीप्रमाणे मडक्यात घालून, सोबत एक नाणं ठेवून, त्याच खोलीच्या कोपऱ्यात पुरली जायची. निम्मं गाव त्या खोलीत जन्माला आलं होतं. मी स्वतः तिथला. आबाही तिथलेच.

यशोदाबाईची मुलगी कुंदाबाई सुरतेला दिलेली. तिचं पहिलं बाळ तिकडच्या कोंदट खोलीत जन्मलं आणि बारशाआधीच गेलं. आता तिला पुन्हा दिवस होते, भरत आले होते, आणि ती माहेरी येणार होती. यशोदाबाईने पक्कं ठरवलं होतं की या वेळी बाळंतपण सासूच्या खोलीतच होईल. ती खोली तिने शेणाने सारवून ठेवली होती, बाजेची सुंभं नवी ओढली होती, गोवऱ्या रचल्या होत्या. येताजाताना ज्याला त्याला धरून ती सांगायची की या खोलीत आजवर एकही पोर दगावलेलं नाही. एवढीच तिची मालमत्ता आणि एवढाच तिचा मुद्दा.

आणि नेमका इथेच घोळ झाला. यंत्र खळ्यातून रस्त्याकडे नेत असताना लोटन मिस्तरी मधल्या गल्लीतून गेला, कर्णा चालू ठेवून. यशोदाबाईच्या भिंतीपाशी कर्णा एकदम किंचाळला. लोटन मागे आला, पुन्हा फिरवलं, पुन्हा किंचाळला. पूजा नाही, सुपारी नाही, नाणं नाही, आणि तरीही आवाज! भंगार वगळता, पुऱ्या गावात पूजेवाचून वाजणारी ही एकमेव जागा होती. आबांनी डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाले, "आहे. इथेच आहे."

यशोदाबाई शेणाचे हात घेऊन बाहेर आली. काय चाललंय ते समजल्यावर तिला हसूच आलं. म्हणाली, "आबा, आठे मनी सासूनी बठ्ठा गावन्या नाळा पुरेल शेतस, पैसास्संगे. यंतर वाजी नही तं काय करी?"

हे म्हणणं मंडळाने तपासून पाहिलं आणि अमान्य केलं. कारणं अशी: एक, नाळेसोबत ठेवतात ते फुटकळ नाणं, आणि आवाज फुटकळ नव्हता. दोन, ज्याच्या घरात धन असतं तो ते नाही म्हणूनच सांगतो. तीन, हे म्हणणं मान्य केलं असतं तर काम थांबवावं लागलं असतं. तिसरं कारण मला स्वतःला सर्वांत सयुक्तिक वाटलं.

आबांनी गोडीने घेतलं. म्हणाले, "अक्का, धन निंघनं तं तुले पक्कं घर बांधी देसूत. सिमेटनं."

"माले सिमेटनं घर नको," यशोदाबाई म्हणाली. आता तिचं हसू मावळलं होतं. "मनी कुंदा यी राहिनी. तिनं पहिलं पोर गयं. या खोलीले हात लावशात तं मी आडवी पडसू."

गावातल्या एका बाईसाठी विकास अडवून धरावा का, हा मोठा तात्त्विक प्रश्न आहे. शहरात त्यावर आयोग नेमतात. आमच्याकडे ताबडतोब बैठक झाली आणि अत्यंत सन्माननीय तोडगा निघाला. यशोदाबाईंचा आग्रह होता की खोलीला हात लावायचा नाही. तो मंडळाने शब्दशः मान्य केला. हात फक्त खोलीखालच्या मातीला लावायचा, तोही बाहेरून, गल्लीतून. गल्ली पंचायतीची. त्यामुळे कुणावरही अन्याय होत नव्हता. मी ठराव वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. घरी आलो तर वच्छलाबाई भाकरी थापत होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमनी अक्कल कोठे पुरेल शे, तेबी एकदा यंतर लाई दखा ना." माझं जेवण त्या दिवशी थोडं लवकर उरकलं.

गल्लीतलं काम उत्तम चाललं. भिंतीखालून आडवं खणत जाताच भोकाचे पैसे सापडू लागले. ब्रिटिश आमदानीतले, मधोमध भोक असलेले ते तांब्याचे पैसे ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवतील. प्रत्येकासोबत काळ्या पडलेल्या लहान खापऱ्या निघत. खापऱ्यांकडे लक्ष देण्याचं कारण नव्हतं. पैशावर राजाचा मुकुट होता, म्हणजे खजिना राजघराण्यातला होता; भोकं होती, म्हणजे राणी ते माळेत ओवून गळ्यात घालत असणार. अशी एकेक माहिती उजेडात येत होती. सुईणीच्या हाताखाली काम केलेल्या म्हाताऱ्या भिकुबाई तेवढ्या रोज काठी टेकत यायच्या आणि खापऱ्या पदरात गोळा करून न्यायच्या. कशाला, असं विचारलं तर नुसत्या रडायच्या. म्हातारपणी डोळ्यांना पाणी येतंच.

कुंदाबाई आली ती फाट्यावर उतरून, रणरणत्या उन्हात, पोट सांभाळत, खड्डे चुकवत. आपल्या घराच्या भिंतीखालून माणसं ये-जा करताना पाहून ती दारातच मट्‌कन बसली. वच्छलाबाईंनी तिला आमच्या घरी आणलं, लिंबाचं सरबत दिलं, आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी भिंत पडली.

ती पडली असं म्हणणंही अतिशयोक्ती होईल. ती बसली. आधी भिंत बसली, मग तिच्यावरचं धाबं बसलं, मग सारवलेली खोली, नवी बाज आणि गोवऱ्या धाब्याखाली गेल्या. सुदैवाने आत कुणी नव्हतं. खणणारे चहाला वर आले होते आणि यशोदाबाई लेकीपाशी होती. धूळ खाली बसल्यावर आबांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले की झालं ते वाईट झालं, पण आता वरूनच सरळ खणता येईल. भिंतीचा अडथळा दूर झाल्याने कामाला गती येणार होती, हे मलाही नाकारता आलं नाही.

यशोदाबाई धावत आली. ती ओरडेल, शिव्या देईल अशी आमची तयारी होती. ती थेट ढिगावर चढली, हाताने माती उपसू लागली, बाजेचा एक पाय दिसला तो धरून ओढत राहिली. तो निघेना. मग आमच्या घरातून वच्छलाबाईंची हाक आली की कुंदाच्या पोटात दुखायला लागलंय. तेव्हा तिने तो पाय सोडला आणि वळली. तिचा चेहरा मी पाहिला. मला तो पाहायचा नव्हता.

अशा प्रसंगी मंडळ मागे राहील हे शक्य नव्हतं. सुपडूचा ट्रॅक्टर तातडीने मागवला, ट्रॉलीत कडब्यावर गोधड्या अंथरल्या, कुंदाबाईला चढवलं. यशोदाबाई आणि वच्छलाबाई दोन्ही बाजूंना बसल्या. निम्मं गाव सोबत निघालं, कारण रस्त्यावरचे खड्डे कुठे कुठे आहेत हे खणणाऱ्यांनाच ठाऊक. आबा आणि लोटन मिस्तरी तेवढे ढिगापाशी थांबले, कारण काम बंद पडून चालणार नव्हतं. एरंडोलच्या दवाखान्यापर्यंत एरवी ट्रॅक्टर आरामात जातो. मारुतीच्या पुढे दोन खड्डे चुकवले. निंबाच्या झाडापाशी तिसरा चुकवताना ट्रॉलीचं मागचं चाक चौथ्यात गेलं आणि ट्रॉली एका अंगावर कलली. आत कुंदाबाईने किंकाळी फोडली. माणसांनी खांदे लावले, दगड आणले, चाकाखाली फांद्या टाकल्या. सुपडूने रेस दिली. चाक आणखी रुतलं. यशोदाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होती, "व्हई जाई, माय, व्हई जाई. जरा धीर धर." वच्छलाबाईंनी ट्रॉलीभोवती लुगडं धरायला लावलं आणि गड्यांना म्हणाल्या, "नेट लावा रे, पोरनं डोकं दिसाले लागनं!"

आणि नेमकं त्याच वेळी गावाकडून कर्ण्याचा आवाज आला. असा आवाज त्या यंत्राने कधीच काढला नव्हता. लांब, अखंड, थांबेचना. पाठोपाठ कुणीतरी शेजारच्या धाब्यावर चढून बोंबललं, "लागनं रे लागनं! मडकं लागनं! तोंड बांधेल मडकं!"

तोंड बांधलेलं मडकं! आजवर नुसत्या खापऱ्या निघाल्या होत्या. हे शाबूत होतं, तोंड बांधलेलं होतं, आणि यंत्र त्याच्यावर बेभान झालं होतं. आधी मागचे दोघे पळाले. मग खांदा लावलेले पळाले. सुपडू ट्रॅक्टरवरून उडी मारून म्हणाला, "आत्ते येस, माय, हालू नका," आणि तोही गेला. मी चिटणीस. मडकं उघडताना चिटणीस हजर नसेल तर पंचनाम्याला काय अर्थ? मी वच्छलाबाईंकडे पाहिलं. कित्येक तासांनी त्या माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "जा. तुमी मडकं देखा. पोरले मी देखस."

मी गेलो. धापा टाकत पोहोचलो तेव्हा ढिगाऱ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं धाब्याच्या तुटक्या लाकडांवर चढली होती. कोपऱ्यातल्या खड्ड्यात जीवराम आबा गुडघे टेकून बसले होते आणि हाताने माती बाजूला करत होते. मडकं दिसलं. मध्यम आकाराचं, काळं, गळ्याशी लाल फडकं सुताने घट्ट बांधलेलं. फडकं सडलं होतं पण गाठ शाबूत होती. लोटन मिस्तरीने चकती जवळ नेली, कर्ण्याने कानठळ्या बसवल्या, तेव्हा कुणीतरी ओरडलं, बंद कर ते! लोटनने खोका बंद केला. आबांनी मडकं दोन्ही हातांनी वर काढलं. वजन लागतंय, असं ते म्हणाले. गाठ सुटेना. आबांनी ती दातांनी तोडली. माणसं पुढे रेटत होती, मागचे पुढच्यांच्या खांद्यावर चढत होते, मी कोपर मारून आत घुसलो. आबांनी फडकं काढलं, मडक्यात हात घातला, आणि काहीतरी मुठीत धरून बाहेर काढलं. मूठ उघडली.

चांदीचा रुपया होता. राजाच्या शिक्क्याचा, गोल, काळवंडलेला. आणि त्याला चिकटून एक वाळकी, दोरीसारखी, बोटभर वस्तू.

गर्दीतून वाट काढत भिकुबाई पुढे आल्या. त्यांनी रुपया पाहिला, लाल फडकं पाहिलं. म्हणाल्या, "व माय. हाई तं जीवरामनी नाळ. बठ्ठास्नी पैसा ठेवा, चांदीना रुपया फक्त याना बापनी ठेवा. पाच पोरीस्वर हाऊ उना म्हनीसन."

आबा आपली नाळ तळहातावर घेऊन गुडघ्यांवरच बसून होते. गावाचा माजी प्रथम नागरिक, वय पन्नास, मिशा पांढऱ्या. मला वाटलं की आता ते उठतील, सगळ्यांना घरी जायला सांगतील. ते उठले. त्यांनी नाळ आणि रुपया पुन्हा मडक्यात ठेवले, मडकं आदराने खड्ड्याच्या तळाशी ठेवलं, कारण भूमीला दिलेलं परत घ्यायचं नाही, आणि लोटन मिस्तरीला म्हणाले, "लाव पाहू आता यंत्र."

यंत्र वाजलं. अगदी पहिल्याइतकंच जोरात. धन आणखी खाली सरकलं होतं. कुदळी पुन्हा उचलल्या गेल्या.

इथे माझं निवेदन संपतं. वाचकांत शिकलेली मंडळी बरीच असतील, आणि ती आम्हा हिंगणबर्डीकरांना हसत असतील. हसा. आमची त्याला हरकत नाही. फक्त एक नोंद, चिटणीस या नात्याने, करून ठेवणं माझं कर्तव्य आहे. ट्रॅक्टर खड्ड्यात सोडून आम्ही मडक्याकडे धावलो, तेव्हा तुम्हीही आमच्यासोबत धावलात. खड्ड्यावर वाकून तुम्ही आबांच्या मुठीकडे पाहत होतात. माझ्या कोपराला तुमचं कोपर लागत होतं. आबांनी मूठ उघडेपर्यंत निंबाच्या झाडापाशी कोण कळा देत होतं, हे तुमच्यातल्या एकालाही आठवलं नाही. आम्ही अडाणी, आम्हाला धनाची आशा होती. तुम्हाला त्यातलं काही मिळणार नव्हतं.

असो. मुलगी झाली. कललेल्या ट्रॉलीत, कडब्यावर, तिघी बायकांत. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप आहेत. नाळ यशोदाबाईने तिथेच चौथ्या खड्ड्यात पुरली आणि खड्डा आपल्या हातांनी बुजवला. सोबत नाणं मात्र ठेवलं नाही. तुम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.